हाफ सीट: घोड्यावर धीर यावा म्हणून शिकायची बैठक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चाळिशी ओलांडल्यावर मी पुण्यात घोडेस्वारी शिकायला लागले आणि सातव्या महिन्यात पडले. रिंगणाच्या कुंपणाला अडकलेली दुधाची रिकामी पिशवी वाऱ्याने फडफडली, घोडी बाजूला उडाली आणि मी होते तिथेच राहिले, फक्त खाली घोडी नव्हती. हाड मोडलं नाही. पण पुढचे दोन महिने दुडकीचं नाव काढलं की तळहात ओले व्हायचे. त्यातून मला बाहेर काढलं ते हाफ सीटने. आता आमच्या सकाळच्या बॅचला नवीन येणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. मी प्रशिक्षक नाही. तुमचे उस्ताद वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. घोडा त्यांच्या ओळखीचा आहे, माझ्या नाही.

हाफ सीट म्हणजे नेमकं काय?

नेहमी आपण घोड्यावर तीन ठिकाणी टेकलेले असतो: दोन पाय आणि बूड. त्यातलं बूड खोगिरावरून दोन-तीन बोटं उचललं, अंग खुब्यात थोडं दुमडलं आणि सगळा भार पायांतून रिकिबीत सोडला की झाली हाफ सीट. टेकायच्या जागा दोनच उरतात, म्हणून काही जण तिला टू-पॉइंट म्हणतात. काटेकोर बोलणारे दोन्हींत फरक करतात. त्यांच्या मते हाफ सीटमध्ये बूड खोगिराला निसटतं लागलेलं असतं आणि टू-पॉइंटमध्ये पूर्ण सुटलेलं. शिकताना या फरकाने काही अडत नाही.

आपल्याकडे घोड्यावरच्या बसण्याला ‘मांड’ हा सुरेख शब्द आहे आणि मांड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो चौकातला अश्वारूढ पुतळा: पाठ ताठ, पाय लांब, बूड खोगिरात रुतलेलं. आपण सगळे ते चित्र बघत वाढलो. त्यामुळे ‘बूड उचला’ म्हटलं की मांड सुटली असं वाटतं. प्रत्यक्षात ती सुटत नाही, बुडातून पायात उतरते.

भीती वाटली की मी आधीच पुढे झुकते. मग पुन्हा पुढेच झुकायला का सांगता?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि ज्यांना तो पडत नाही त्यांना ही बैठक सहसा चुकीची येते.

घाबरलेलं माणूस घोड्यावर काय करतं ते आठवा. अंगाचं मुटकुळं होतं. खांदे कानांपर्यंत येतात, गुडघे खोगीर आवळतात, टाचा वर जातात, नजर घोड्याच्या कानांमध्ये किंवा थेट जमिनीवर आणि श्वास बंद. लांबून पाहिलं तर हे आणि हाफ सीट सारखंच दिसतं, दोन्हीत माणूस पुढे आहे. फरक गुडघ्याखाली आहे. मुटकुळं झालेल्या माणसाचा भार गुडघ्यात अडकलेला असतो. गुडघा खोगिराला चिकटला की तो बिजागरीसारखा वागतो, पोटरी मागे सरकते आणि वरचं धड पुढे कलंडायला मोकळं होतं. त्यात मागे गेलेली टाच घोड्याच्या बरगडीला लागते. घोड्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पळ’. तो पळतो, आपण आणखी आवळतो, तो आणखी पळतो.

हाफ सीटमध्ये गुडघा सैल असतो आणि भार घोट्यातून टाचेत उतरतो. टाच खाली गेली की पोटरीचा स्नायू ताणला जातो आणि घोटा स्प्रिंगसारखं काम करायला लागतो. घोट्याने, गुडघ्याने आणि खुब्याने मिळून प्रत्येक उसळी खाऊन टाकायची असते.

एक जुनी कसोटी आहे. समजा या क्षणी तुमच्या खालून घोडा नाहीसा झाला. तुम्ही मातीत दोन पायांवर उभे राहाल, की तोंडावर पडाल? उभे राहणार असाल तर ती हाफ सीट. पडणार असाल तर ती भीती.

पण याने धीर कसा येतो? धीर मनात असतो ना?

मलाही तसंच वाटायचं. दोन महिने मी मनाची समजूत काढत होते आणि मन ऐकत नव्हतं. घोड्यावरची भीती बहुतेक वेळा एका साध्या कारणाने टिकते: प्रत्येक पावलाला आपण खोगिरावर आपटतो, प्रत्येक आपटीला तोल जातो आणि प्रत्येक वेळी तोल गेला की शरीर मेंदूला कळवतं, ‘पडतोय’. मिनिटाला शंभराच्या वर असे निरोप गेल्यावर कुठलं मन शांत राहील? आपटणं थांबलं की निरोप थांबतात.

शिवाय या बैठकीत फसवाफसवी चालत नाही. बसलेल्या माणसाला आपला तोल वाईट आहे हे लपवता येतं, कारण खाली खोगीर आहे. उठून उभं राहिल्यावर तोल असतो तरी किंवा नसतो तरी, आणि नसला तर तो कुठे जातोय हे लगेच कळतं.

ही बैठक आली कुठून?

उडीच्या खेळातून आणि घोडदळातून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपात अडथळ्यावरून उडी मारताना स्वार मागे रेलत आणि लगाम ओढत. घोडा हवेत असताना त्याच्या तोंडाला हिसका आणि उतरताना पाठीवर धपका. 1868 साली लिव्हॉर्नो इथे जन्मलेल्या फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळातल्या अधिकाऱ्याने मोकळे घोडे, म्हणजे पाठीवर कुणी नसलेले, उडी कशी मारतात ते नीट पाहिलं. मान पुढे लांबवून, पाठ गोल करून मारतात. मग स्वाराने त्यांच्या आड का यावं? त्याने रिकीब आखूड केली, अंग पुढे नेलं, हात घोड्याच्या तोंडाबरोबर जाऊ दिले. पिनेरोलो आणि रोमजवळच्या तोर दि क्विन्तो इथल्या घोडदळ शाळांमधून ही पद्धत जगभर गेली. काप्रिल्ली स्वतः 1907 साली घोड्यावरून पडूनच गेला. आमच्या बॅचमध्ये हे सांगितलं की सगळे गप्प होतात, पण खरं आहे ते खरं आहे.

शर्यतीच्या जॉकींची कथा वेगळी, पण काळ जवळपास तोच. टॉड स्लोन हा अमेरिकी जॉकी 1897 मध्ये आखूड रिकिबी घेऊन इंग्लंडात गेला तेव्हा लोक त्याला ‘काठीवरचं माकड’ म्हणून हसले. तो जिंकायला लागल्यावर सगळेच तसे बसू लागले. पुढे शंभरेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासले, तर ही बैठक रूढ झाली त्या सुमारास मोठ्या शर्यतींच्या वेळा 7 टक्क्यांपर्यंत सुधारल्याचं दिसलं. जॉकीचं शरीर जवळपास सरळ रेषेत पुढे जात राहतं आणि घोड्याला प्रत्येक झेपेला ते वरखाली उचलावं लागत नाही.

आपल्याला शर्यत जिंकायची नाही. पण घोड्याची पाठ मोकळी राहिली की तो मोकळा चालतो, आणि मोकळा चालणारा घोडा कमी हिसके देतो. त्यातला आपला फायदा तेवढाच.

रिकीब किती वर घ्यायची?

आधी नेहमीची लांबी ठरवा: रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बोटांची टोकं टेकवा, रिकीब ओढून काखेत धरा, पोचली की झालं. त्यावरून एक किंवा दोन भोकं वर. तीन घेतलीत तर जॉकी झाल्यासारखं वाटेल आणि पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागतील. दोन्ही बाजूंची भोकं मोजा. पट्टे ताणले जातात, भोकांचे आकडे फसवतात, म्हणून समोर उभं राहून एकदा कुणाला तरी बघायला सांगा.

पहिल्या दिवशी काय करायचं?

पहिल्या दिवशी घोडा उभाच ठेवायचा. सईसाने लगाम धरलेला हवा, किंवा घोडा लंजच्या लांब दोरीवर हवा, म्हणजे उस्ताद मध्ये उभे आणि घोडा त्यांच्याभोवती वर्तुळात. घोड्याच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा बांधून घ्या. आमच्याकडे जुन्या रिकिबीचा पट्टाच वापरतात.

पाऊल रिकिबीत अगदी शेवटपर्यंत घालू नका. तळव्याचा सगळ्यात रुंद भाग, बोटांच्या मुळाशी असलेला, रिकिबीच्या पट्टीवर. आता टाच खाली ‘दाबायची’ नाही. दाबली की पाय पुढे जातो आणि तुम्ही मागे पडता. गुडघा सैल सोडा, टाच आपोआप उतरू द्या, भिजलेल्या कपड्यातून पाणी खाली उतरतं तशी. मग एका हाताने मानेवरची आयाळ धरा, मुठीत चांगली जाडसर बट घेऊन, खोगिरापासून वीतभर पुढे. दुसऱ्या हाताने लगामासकट तो पट्टा. खुब्यातून दुमडा. कंबरेतून वाकू नका; शर्टाची बटणं घोड्याच्या मानेकडे न्यायची, हनुवटी नाही. बूड थोडं मागे आणि वर. आणि नजर समोरच्या झाडावर.

आमचे उस्ताद सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांचे शब्द तीनच: “एडी नीचे. नजर सामने. साँस.” तिसरा शब्द मला आठवडाभर कळलाच नाही, कारण मी श्वास रोखला आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी मला मोठ्याने बे एके बे म्हणायला लावलं. पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही. सोळाच्या पाढ्याला मी अडखळले आणि त्या नादात एक अख्खी फेरी हाफ सीटमध्ये झाली, हे मला फेरी संपल्यावर कळलं.

उभ्या घोड्यावर वीस आकडे टिकलात की साध्या चालीत. त्यात दहा पावलं वर, दहा पावलं खाली. मग दुडकी. गंमत म्हणजे अनेकांना ही बैठक उभ्या घोड्यापेक्षा दुडकीत सोपी जाते, कारण दुडकीची दोन ठोक्यांची लय स्वतःच आपल्याला उचलते. कॅंटर म्हणजे दुडकीच्या पुढची, जास्त वेगाची चाल; ती तीन ठोक्यांची, झोपाळ्यासारखी, ती नंतर.

आयाळ ओढली तर घोड्याला दुखत नाही का?

तोल गेल्यावर लगामाला लोंबकळलात तर त्याच्या तोंडातल्या लोखंडी लगामाने नक्की दुखतं. त्यामानाने आयाळ काहीच नाही. लाज वाटून घेऊ नका. चांगले चांगले स्वार उडीच्या आधी बोटांत आयाळ अडकवतात.

पोटऱ्या आणि मांड्या पेटल्यासारख्या होतात. काही चुकतंय का?

पोटऱ्या ताणल्या जाणं बरोबर. मांडीचा पुढचा भाग जळणंही बरोबर. गुडघ्याच्या आतल्या बाजूला साल निघत असेल तर तुम्ही गुडघ्याने आवळताय. कंबर दुखत असेल तर खुब्याऐवजी पाठीतून वाकताय. पावलाला मुंग्या येत असतील तर बोटं बुटात आकसून धरली असतील, ती सोडा.

मी मध्येच धपकन खोगिरावर बसतो. घोडा वैतागतो.

वैतागणारच. त्याच्या पाठीवर कुणी वरून गोणी टाकल्यासारखं होतं ते. बहुतेक वेळा याचं कारण पाय मागेपुढे सरकणं. पोटरी पुढे गेली की तुम्ही मागे बसता, मागे गेली की मानेवर पडता. उपाय म्हणजे दमायच्या आधीच खाली या, स्वतः ठरवून, हळू, श्वास सोडत. पहिले काही दिवस तीस सेकंदांच्या वर जाऊच नका. आणि फार उंच उभे राहू नका. दोन-तीन बोटं म्हणजे दोन-तीन बोटंच. बसमध्ये वरची बॅग काढायला उठतो तसं नाही.

घोडा बुजला किंवा उधळला तर याच बैठकीत राहायचं का?

नाही. इथे गोंधळ नको.

घोडा ठेचकाळला किंवा थोडा दचकला तर घोट्याचा स्प्रिंग तुम्हाला सांभाळतो, आयाळ हातात असतेच. पण तो पाठ उसळवून लाथा झाडायला लागला, एकदम जागीच थबकला किंवा ताब्याबाहेर पळायला लागला, तर बूड खोगिरात, खांदे मागे, टाचा खाली. पुढे झुकलेला माणूस थबकलेल्या घोड्याच्या मानेवरून सरळ पुढे जातो. उधळलेल्या घोड्यावर पुढे झुकणं म्हणजे त्याला शाबासकी देणं. दोन्ही लगाम एकसारखे ओढत राहू नका, तो त्यांच्यावर रेलून पळतो; ओढा, सोडा, ओढा, सोडा, आणि जागा असेल तर मोठ्या वर्तुळात वळवा.

म्हणून हाफ सीटमधून खाली बसणं हाही सरावाचाच भाग आहे. आमच्याकडे उस्ताद मध्येच टाळी वाजवत आणि आम्ही दोन पावलांत मऊपणे बसायचं. पहिल्या आठवड्यात टाळीला घोडी थांबायची, मी पुढे जायचे.

घरी काय सराव करता येईल?

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग टेकवा, कठड्याला एक बोट लावा, टाचा खाली सोडा, गुडघे किंचित वाकवा. एक मिनिट. दात घासताना होतं. उत्कटासन चांगलं. आखाड्यातल्या बैठका सावकाश काढल्यात तर त्याहून चांगल्या. मी एसटीच्या प्रवासात दांडा सैल धरून, गुडघे मऊ ठेवून उभी राहते. गचका बसला की तो घोट्यात जिरवायचा. कंडक्टरने दोनदा विचारलं, “मॅडम, मागे सीट रिकामी आहे की.”

माथेरानच्या घोड्यावर करून पाहू का?

पूर्ण हाफ सीट नको. दस्तुरी नाक्यावरून मिळणाऱ्या घोड्यांची खोगिरं पर्यटकांसाठी असतात, रिकिबी तुमच्या मापाच्या नसतात आणि घोडेवाल्यांना आधीच पुरेशी कामं आहेत. पण तांबड्या मातीचा चढ आला की अंग थोडं पुढे नेऊन बूड हलकं करा, आयाळ धरा. घोडा चढताना मागच्या पायांनी ढकलतो, त्यामुळे पाठीचा मागचा भाग मोकळा मिळाला की त्याला बरं पडतं. उतारावर मात्र सरळ बसा.

मारवाडी घोडी आहे, रेवाल चालते. तिच्यावर हे शिकता येईल?

रेवाल चालीत धक्का इतका कमी असतो की बूड उचलायची गरजच भासत नाही. सारंगखेड्याच्या जत्रेत हौशी मंडळी त्याच चालीसाठी पैसे मोजतात. तोल समजायला साधी दुडकी चालणारा, थोडा आळशी घोडा बरा. माझ्या घोडीचं नाव बिजली होतं. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

वय, वजन, पाठीचं दुखणं?

वयाची अडचण कमी, सांध्यांची जास्त. मणक्याची गादी सरकलेली असेल, हाडं ठिसूळ असतील, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि ‘घोड्यावर बसू का’ एवढंच नको, ‘घोड्यावरून पडले तर चालेल का’ असं विचारा.

वजनाबद्दल सर्वसाधारण ठोकताळा असा, की खोगिरासह स्वार घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांच्या आत असावा. 400 किलोच्या घोड्यावर म्हणजे सगळं मिळून 60 ते 80 किलो. आणि एक गैरसमज: बूड उचललं म्हणून तुमचं वजन कमी होत नाही. उलट ते रिकिबीचे पट्टे जिथे अडकवलेले असतात त्या दोन जागी, पाठीच्या पुढच्या भागावर एकवटतं. म्हणून तासभर हाफ सीटमध्ये राहणं घोड्यावरही अन्याय. थोडं थोडं करा.

काय घालायचं?

घोडेस्वारीचं हेल्मेट, आत एएसटीएम एफ1163 किंवा तत्सम मानकाची पट्टी बघा. दुचाकीचं जड हेल्मेट नको, त्यात मान मागे नेता येत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला. बुटाला दोन-अडीच सेंटिमीटरची टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. स्पोर्ट्स शूज घालून रोज कुणीतरी येतंच.

किती दिवसांत जमेल?

आठवड्यातून दोनदा गेले, दुडकीत एक पूर्ण फेरी जमायला मला सहा आठवडे लागले. आमच्या बॅचमधल्या बारा वर्षांच्या मुलीला दोन दिवस. तिला पडण्याचा अनुभव नव्हता आणि गृहकर्जही नव्हतं.

उस्ताद म्हणतात, आधी नीट बसायला शिका, मग उठा.

त्यांचंही बरोबर असू शकतं. जो मुळातच लगामाला लोंबकळतो त्याला उठवलं तर तो जास्तच लोंबकळेल. पण तुम्ही आपटून आपटून घाबरला असाल तर एवढंच विचारून बघा: “सर, पाच मिनिटं लंजवर, मानेचा पट्टा धरून करू का?” लंजवर घोडा त्यांच्या हातात असतो. मला नाही म्हणणारं कुणी भेटलं नाही.

तास संपल्यावर?

उतरायच्या आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा. एकच काढून उतरू नका, दुसरा अडकला तर पंचाईत. उतरल्यावर लगेच गुडघ्यांवर विश्वास टाकू नका, क्षणभर खोगिराला धरून उभे राहा. हाफ सीटनंतर जमीन मऊ लागते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एक-दोन भोकं सैल करा, रिकिबी वर सरकवून ठेवा आणि घोड्याचा श्वास उतरेपर्यंत त्याला हाताने चालवा. मग खोगीर काढल्यावर पाठ बघा. घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा असेल तर ठीक. माझा पहिला महिनाभर उजवीकडे मोठा यायचा. उस्तादांनी तो बोटाने दाखवला आणि म्हणाले, “बाईसाब, डावा पाय अजून घाबरतो तुमचा.”